टकळीचं वाक्य

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे: शब्दाखालचं उदाहरण कुणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. मनाने रचलेलं वाक्य चालत नाही. नियम प्रमुख संपादकांचा. त्यांना आम्ही साहेब म्हणतो, निदान त्यांच्यासमोर तरी.

त्या दिवशी बडबडीच्या शब्दांचं पान छापायला जायचं होतं आणि मला पाचच्या आत घरी. झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती. ती परत आणायला एक बाई पहिल्यांदाच येणार होत्या. "तू हवीस गं, मला एकटीला धीर होत नाही," असं आईने सकाळीच बजावलं होतं. साहेबांना हे सगळं सांगितलं.

"अवश्य जा," ते म्हणाले. "फक्त एवढं टकळीचं मिटवू."

मिटवायचं इतकंच होतं की टकळीला ऐकलेलं वाक्य मिळत नव्हतं. मी म्हटलं, "आमची आई रोज बाबांना..."

"त्यावर येतोच," म्हणत साहेब सरसावून बसले. "बडबड निरुपद्रवी असते. वटवटीला समोर बळी लागतो. पाल्हाळाला श्रोता झोपला तरी चालतो. आता चऱ्हाट..." ते चऱ्हाट त्यांनी इतकं वळलं की मध्ये चहा दोनदा झाला. मग मौनाचं महत्त्व सांगितलं, तेही सविस्तर. मी पर्स खांद्याला लावून उभी राहिले, तर म्हणाले, "बसा, उभ्याने विषय कळत नाही." शेवटी टकळी कुणी ऐकलेलीच नाही, सबब काढून टाकावी, असं ठरलं. मला त्यांच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटत होता.

घरी पोचले तेव्हा त्या बाई येऊन गेल्या होत्या. बाबा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होते. दारावर आलेला विक्रेता ज्यांच्या गप्पांना कंटाळून पिशवी विसरून पळाला, ते हेच बाबा.

"काही बोलले?"

"नाही." आई नीट असलेली चादर पुन्हा नीट करत होती. "जन्मभर मी म्हणत आले, टकळी बंद करा, टकळी बंद करा. माझं एक ऐकलं नाही ह्यांनी. आणि ऐकलं ते हे असं."

मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पान अजून कचेरीतच होतं; आईचं बोलणं जसंच्या तसं लिहून साहेबांपुढे ठेवलं. "ऐकलेलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले, "पण फार लांबलंय." आणि कुठे कुठे लांबलंय ते समजावून सांगायला त्यांनी खुर्ची पुढे ओढली.