नुसता तापला

"डबा आणलाय!" सासरे प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडले आणि पडद्यावरची रेघ दचकल्यासारखी उडाली.

"बाबा, हळू! मायक्रोफोन चालू आहे."

"फोन? घे ना मग. मी थांबतो."

सुनेने कपाळावर हात मारला.

सासऱ्यांनी जन्मभर बाजारात भाजीचे लिलाव पुकारले होते. त्यातच त्यांचे कान गेले. त्यांचं म्हणणं मात्र असं की कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच पुटपुटतात. श्रवणयंत्र कपाटात, मोज्यांखाली पडून होतं. सासूबाई गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून सुनेचा डबा पोचवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं.

आज सून आधीच कावली होती. निकाल दाखवा, नाहीतर लेझर दुसऱ्या गटाला देतो, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं.

"तू करतेस तरी काय इथं?"

तिने मोठ्याने, सावकाश सांगितलं. रंगीत द्रावणावर लेझरचा झोत मारायचा. रेणू त्यातली थोडी ऊर्जा राखून नवा पदार्थ घडवतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, द्रव जरासा फुगतो आणि टक्कन वाजतं. जितकी ऊर्जा राखली, तितका आवाज बारीक. तुलनेला दुसरं एक द्रावण, काहीच न राखणारं.

"म्हणजे बाटलीला कान लावून बसतेस! आणि घरी सांगतेस, फार काम होतं. ऐकव मला."

सकाळी नोंदवलेले आवाज तपासायचा तिला धीर झाला नव्हता. तिने ते संथ करून स्पीकरवर लावले, आवाज पूर्ण वाढवला.

"लाव की."

"लावलंय!" तिने त्यांचा तळवा स्पीकरवर ठेवला.

धप्. धप्.

"हां! कोण हे?"

"हे तुलनेचं. आता माझं."

धप्. धप्. सासऱ्यांनी खरबूज पारखावं तसे डोळे मिटले.

"सारखंच आहे."

"नीट बघा ना."

"अगं, तसूभर फरक नाही."

तिने पडद्याकडे पाहिलं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या.

"म्हणजे माझ्या रेणूने काहीच केलं नाही, बाबा. सगळा प्रकाश गिळला आणि नुसता तापला."

"आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यासारखा."

तिला खुदकन हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. "लेझर जाणार!"

हे मात्र साऱ्या मजल्याला ऐकू गेलं. सासऱ्यांनी तळवा तसाच ठेवला.

"साहेबांना काय सांगशील?"

"जे आहे तेच."

"मग ठणकावून सांग. पुटपुटू नकोस."

ती जाऊन सांगून आली. लेझर सोमवारी हलणार होता. सासरे तसेच बसले होते, तळवा स्पीकरवर, डोळे मिटलेले. आवाज अजून वाजतच होते; तिने स्पीकर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे जरा," ते म्हणाले. कधी नव्हे इतक्या हळू, की तिलाच वाकून ऐकावं लागलं.

ती शेजारी स्टूल ओढून बसली. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी वैतागून भिंत ठोकली. तिने आवाज कमी केला नाही.