दोन्ही चाकं फिरतात तेव्हा

साहेब, टोचनचा ट्रॅक्टर तुम्ही बंद केलात. नव्या गाड्या अडकत नाहीत, ओढून काढायला ट्रॅक्टर कशाला, असं तुम्ही ऑफिसात बसून ठरवलंत आणि तो हुकूम पाळायला मला कडेगावच्या कॅनॉलपट्टीवर धाडलंत.

मी गुंडा. कारखान्याची उसाची गाडी चालवतो. म्हणजे परवापर्यंत चालवत होतो.

जुन्या गाडीचं सरळ होतं. चिखलात एक चाक गरगर फिरायचं, दुसरं ढिम्म. फिरणाऱ्या चाकाखाली उसाचं वाळलेलं पाचट कोंबायचं आणि दाबायचं. नव्या गाडीचा डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग, वेगळा. एक चाक मोकळं फिरायला लागलं की आतल्या प्लेटा आवळतात आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाला देतात. चीज चांगली आहे, नाही कोण म्हणतंय? एक चाक चिखलात आणि दुसरं मुरुमावर असलं, तर गाडी मुकाट बाहेर येते. रहिमतपूरच्या उसाच्या फडात मी स्वतः काढलीय.

पण दोन्ही चाकं बुळबुळीत मातीवर असली तर? दोन्ही फिरतात. जुन्या गाडीचं ते ढिम्म चाक निदान मागचा भाग जागेवर धरून ठेवायचं. इथं धरायला कुणी उरत नाही. वाट एका बाजूला कललेली असली, की गाडीचं ढुंगण उताराकडं चालायला लागतं. हे तुमच्या हुकमात कुठं होतं?

परवा कॅनॉल पाझरून बांधावरची वाट साबणासारखी झालेली. गाडी उसानं भरलेली. उताराला, बांधाच्या पायथ्याशी, ऊसतोडणीवाल्या धुळाची कोपी, पाचटाची झोपडी. आत त्याची बायको बनाबाई तापानं पडलेली.

गाडी पुढं जाईना. धुळानं सवयीनं खालच्या चाकाखाली पाचट टाकलं.

"दाब रं गुंडा, निघतीय."

दाबलं. दोन्ही चाकं घुमली, पाचट मागं उडालं आणि आरशात कोपीचं छप्पर मोठं व्हायला लागलं. मी पाय उचलला, ब्रेक धरला.

"का थांबला गड्या?"

"धुळा, गाडी फुडं न्हाई, तुझ्या घरात चाललीय."

धुळानं मागं बघितलं. कोयता तिथंच टाकला आणि खाली पळाला.

तोवर फडावर गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या चिटबॉय लालासाहेबानं तुम्हाला फोन लावला होता. माझ्या कानापाशी धरला.

"फसत नाही ती गाडी," तुम्ही म्हणालात. "दाबून काढ."

"सायेब, फसली न्हाई. सरकतीय. खाली कोपीत बाईमाणूस हाय."

"गाडीत काय बसवलंय, ते आम्हाला माहीत आहे. जमत नसेल तर उतर."

मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात घातली. लालासाहेब म्हणाला, "गुंडा, घरी बसशील लेका." म्हटलं, बसतो. गाडी अजून आतल्या आत कुरकुरत होती. त्या निसरड्या उतारावर ब्रेकचाही भरवसा नव्हता.

धुळानं बायकोला पाठीवर घेऊन वर आणलं. बाई तापानं फणफणलेली, तरी तोंड गप्प नव्हतं. "एवढा बांध मोकळा सोडून माझंच घर दिसलं व्हय रं तुला?"

"आवं वैनी, बोलू नका, घाम येतोय मला," मी म्हणालो.

मग शेजारच्या रानातल्या जयराजनं आपला ट्रॅक्टर आणला, टोचन लावलं. चाकांना इंजिनाचा जोर न देता, हळूहळू, गाडी वरच्या अंगाला काढली.

काल तुम्ही मला गाडीवरून उतरवलंत. कारण दिलंत, गाडी चांगली असताना काम नाकारलं. हो, गाडी चांगलीच होती. वाट वाईट होती. तुम्ही वाट बघायला एकदा तरी आलात का?

अर्धा फड अजून उभा आहे. वाट ओलीच आहे. बनाबाईला डॉक्टरनं हलू नको म्हणून सांगितलंय, ती परत त्याच कोपीत पडून आहे. आणि उद्या तीच गाडी देऊन तुम्ही साईराजला धाडताय. पोरगा सांगलीत सिटी बस चालवायचा, डांबर सोडून कधी चाक घातलेलं नाही. त्याला नोकरी टिकवायचीय. तुम्ही दाब म्हणालात तर तो दाबणार.

उद्या तो बांधावर अडकला आणि त्यानं तुम्हाला फोन लावला, तर काय सांगणार आहात त्याला? दाब, का थांब?

आज सांगा.