तीन नमो मरियांपुरती

शनिवारी पावणेसहाला कल्पिता साळवे उठली. पाण्याची दोन पिंपं भरली, नवऱ्याच्या डब्यासाठी गवार केली, चहाचं पातेलं विसळून पालथं घातलं. सव्वासातला जिना उतरताना पहिल्या मजल्यावर, उत्तराच्या दारापाशी, ती रोजच्यासारखी जपून पावलं टाकू लागली. आत उत्तरा भांडी घासता घासता गात होती, तरी सूर जरासुद्धा हलत नव्हता. कल्पिताने उरलेल्या पायऱ्या भराभर उतरल्या.

कल्याण पूर्वेच्या त्यांच्या चर्चमध्ये मराठी मिस्सेचं, रविवारच्या उपासनेचं, स्तोत्र अकरा वर्षं कल्पिताच गात आली होती. नाताळानंतर जालन्याहून उत्तरा राहायला आली आणि गायनवृंद सांभाळणाऱ्या विनीतने ईस्टरच्या आदल्या, म्हणजे उद्याच्या, झावळ्यांच्या रविवारचं स्तोत्र तिला दिलं. गेल्या रविवारी सराव पाचाऐवजी चारला ठरला. उत्तराचा फोन साधा, म्हणून ग्रुपवर आलेला निरोप तिला सांगायचं काम शेजारणीकडे, कल्पिताकडे होतं. तिने सांगितलं नाही. उत्तरा पाचला धापा टाकत पोहोचली तेव्हा विनीत पेटी झाकत होता. स्तोत्र पुन्हा कल्पिताकडे आलं.

बाजार करून कल्पिता चर्चमध्ये पोहोचली तोवर फादरांपुढे आपली पापं सांगायची, पापनिवेदनाची रांग लागली होती. पुढे उभी असलेली उत्तरा आत गेली, थोड्याच वेळात बाहेर आली आणि गुडघे टेकून बसली. कल्पिताने मनात मोजलं. फादर प्रायश्चित्त म्हणून सांगतात त्या तीन 'नमो मरिया' प्रार्थनांपुरती, फार तर. आपल्याला मागच्या खेपेला दहा सांगितल्या होत्या. क्षमासुद्धा हिला स्वस्तात मिळते.

उत्तरा उठली ती थेट तिच्याजवळ आली.

"कल्पिताताई, माफ करा मला. निरोप तुम्ही मुद्दामच दिला नाही, असं मनात धरून बसले होते मी. आत तेच सांगितलं."

कल्पिताला आधी वाटला तो मत्सरच. माफी मागण्यातही ही पुढे गेली. तीन महिने ती स्वतः फादरांना 'मनात मत्सर येतो' एवढंच सांगत होती. कोणाचा आणि त्यापायी काय केलं, ते कधीच नाही. आजही तेच वाक्य तयार होतं.

तिचा नंबर आला. तिने मागच्या बाईला पुढे जायची खूण केली.

"अगं, ते पाप नव्हतंच तुझं," ती म्हणाली. "मी मुद्दामच दिला नाही."

उत्तराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "एवढं काय केलं होतं मी तुमचं?" तिने विचारलं. 'माफ केलं' असं ती म्हणाली नाही.

विनीत पेटी पुसत होता. कल्पिताने त्याला, गायनवृंदातल्या दोघी ऐकत असतानाच, घडलं ते सगळं सांगितलं. वेदीमागच्या खोलीच्या दारावर उद्या कोण काय गाणार त्याची यादी लावलेली होती. तिने स्वतःचं नाव खोडून तिथे उत्तराचं लिहिलं.

विनीतने पेटीवर सूर धरला. उत्तरा गाऊ लागली, आधी दबकत, मग मोकळी. ऐकताना कल्पिताला पुन्हा तोच मत्सर वाटला. ती परत गेली आणि पापनिवेदनाच्या रांगेच्या शेवटी उभी राहिली.