बाहीची एक ओळ

बँडच्या बावीस कोटांचे कागदी बेत निघाले, पण त्यातल्या सहांच्या बाह्या मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या खाचेत, बसेनात. सहाही कोट ड्रमवाल्यांचे, सहांचीही छाती ११२ सेंटिमीटरच्या वर. सासऱ्यांनी, म्हणजे अख्ख्या बाजाराच्या टेलर मास्तरांनी, तोकडी कागदी बाही सुनेसमोर धरली.

"शनिवारी कापड कापायचंय. तोवर हे जमलं नाही, तर तुझं डबडं उचलायचं. मी आहे आणि माझी कात्री आहे."

डबडं म्हणजे संगणक. तिने तो दुकानात आणून चारच महिने झाले होते. बेतणीचा प्रोग्राम फुकटचा, ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. कोणीही दुरुस्ती सुचवावी. तपासनिसाला पटली, तर ती सगळ्यांसाठी लागू व्हायची. चूक तिला तासाभरात सापडली. ११२च्या पुढे मुंढा वाढत होता, बाही मात्र तिथेच अडून बसत होती. एक ओळ बदलली की काम फत्ते. पण कापड कापणारं यंत्र पलीकडच्या कारखान्यात होतं आणि तिथे मंजूर आवृत्तीच चालायची.

तिने ओळ बदलली. मग बाकीच्या वेड्यावाकड्या ओळी बघवेनात, म्हणून एक बटण दाबून सगळी फाइल नीटनेटकी केली आणि मंगळवारी पाठवून दिली.

बुधवारी तपासनिसाचं उत्तर आलं: "बदललेल्या ओळी १,३१२. यातली दुरुस्ती कुठली?"

"खडूस मेला!"

मास्तरांनी चष्मा लावून उत्तर दोनदा वाचलं. चेहरा उजळला. "बरोबर बोलतोय हा माणूस."

"बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"गिऱ्हाइकाने बटण लावायला कोट दिला. तू अस्तर उसवून नवं घातलंस आणि वर म्हणतेस, शोधा बटण."

"अहो, पण किती गबाळं लिहिलंय, बघा तरी!"

"असेना. तुला कोणी सांगितलं होतं?"

तिने मूळ फाइलची ताजी प्रत घेतली, एकच ओळ बदलली आणि बाकीच्या ओळींकडे न बघता पाठवून दिली.

गुरुवारी प्रश्न आला: "आता कळलं. पण बाही मुंढ्यापेक्षा तीन सेंटिमीटर जास्त का?"

का, ते तिला ठाऊक नव्हतं. आकडा मास्तरांच्या वहीतला होता. तिने मान वळवली.

"लिही," मास्तर म्हणाले. "मुंढ्याइतकीच घेतली, तर बाही खांद्याच्या गोलाईवर बसत नाही. ते तीन सेंटिमीटर चुणी न पाडता शिलाईत मुरवायचे असतात. चाळीस वर्षं मुरवतोय. ज्याला जमत नसेल त्याने झोळ्या शिवाव्यात."

"शेवटचं वाक्य गाळू?"

"खबरदार!"

शुक्रवारी दुपारी ओळ मंजूर झाली. शेजारी टीप म्हणून मास्तरांचं म्हणणंही जोडलं होतं, झोळ्यांसकट.

शनिवारी सहाही बाह्या बसल्या. मास्तरांनी एकेक उलटीपालटी करून पाहिली, खोट काढायला जागा सापडली नाही. संगणक उचलायचा विषयच निघाला नाही. उलट ते स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"त्या माणसाला कॉलरबद्दल सांगायचंय. खिशाबद्दलही. आणि कंबरपट्टीचं तर विचारूच नकोस."

"बाबा, एका वेळी एकच."

"मग कॉलर," मास्तर म्हणाले. "घे लिहून."