पाच स्टारची साक्ष

"हे बघा साहेब, तुमच्या डिस्कच्या पोटातून काय निघालं," असं म्हणत दुरुस्तीवाल्यानं चिमट्यातला लोखंडाचा तुकडा काउंटरवर टाकला.

काटासाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. तुकडा तळहातावर घेतला आणि हात जरासा खालीवर केला. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी हेच करण्यात गेली होती. बाजारातले दुकानदार त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'काटा'. निवृत्त झाल्यावर दोन्ही मिळून 'काटासाहेब' हे नाव राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते मनातून आवडायचं.

"हे आत कशाला घातलंय?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"कशाला म्हणजे? हाताला वजन लागावं म्हणून. खरा माल एवढासाच." दुरुस्तीवाल्यानं अंगठ्याएवढी हिरवी पट्टी दाखवली. "बाकी पोकळ डबा. रिकामा लागला तर गिऱ्हाइकाला संशय येईल, म्हणून लोखंड चिकटवून दिलंय."

"आणि माझं जे होतं ह्यात?"

"गेलं."

"सगळं?"

"मी तेव्हाच म्हणालो होतो, स्वस्तातली एसएसडी डिस्क घेऊ नका. तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात. तुझं कमिशन बुडतंय म्हणून बोलतोस, म्हणालात. जुनी डिस्क जपून ठेवा म्हटलं, तर तीही भंगारात देऊन मोकळे झालात."

काटासाहेबांनी तुकडा खिशात घातला, मेलेली डिस्क कागदात गुंडाळली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसरा कुणी असता तर चार शिव्या घालून विसरला असता. पण ह्या माणसानं बुडाशी पोखरलेली वजनं पकडली होती, पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं पकडली होती. अशा माणसाच्या गळ्यात कुणीतरी लोखंड चिकटवलेला रिकामा डबा मारावा? आणि त्यानं तो हातात घेऊन "वजनदार आहे हो," असं वर म्हणावं? म्हणाले होते ते तसं. दुरुस्तीवाल्यासमोरच म्हणाले होते.

डिस्कमध्ये असं काय मोठं होतं, असं विचाराल तर बुद्धिबळ. बायको गेल्यापासून काटासाहेब रोज दुपारी कॉम्प्युटरशी डाव मांडायचे आणि रोज हरायचे. पण अधूनमधून जिंकलेही होते, आणि ते मोजके डाव त्यांनी जपून ठेवले होते. तेवढेच नेमके गेले.

घरी लेकीच्या खोलीतून टाइप करण्याचा आवाज येत होता. नवऱ्याचं घर सोडून ती आली त्याला दोन वर्षं झाली होती. टायपिंगचं काम मिळालंय, एवढंच तिनं सांगितलं होतं, आणि काय टाइप करतेस हे ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, आणि तिच्याआड दोघंही आपापल्या जागी गप्प असायचे. ती चहा करून ठेवी, ते घेत. "दूध संपलंय" आणि "गिझर बंद कर" ह्यापुढे गाडी सहसा जात नसे.

काटासाहेबांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत ऐकवल्यावर पलीकडून एक मुलगी म्हणाली, "सर, डिस्क बदलून मिळेल, आतल्या माहितीची जबाबदारी कंपनीची नाही."

"आणि आतल्या लोखंडाची?"

"सर, मला आपला प्रश्न समजला नाही."

"तुमच्या मालकाला समजेल," असं म्हणून त्यांनी फोन आपटला. मग चादरीवर मांडी ठोकून त्याच फोनवर, जिथून डिस्क मागवली होती त्या साइटवरचं तिचं पान उघडलं. नोकरीत असताना त्यांचा एक शिरस्ता होता. वजन खोटं निघालं की आधी विचारायचं, ह्याच्यावर शिक्का कुणी मारला? इथे शिक्का मारणारे म्हणजे रिव्ह्यू लिहिणारे. त्यांच्याच साक्षीवर तर माल घेतला होता.

एक स्टारवाले सगळे पेटलेले होते. एकाची डिस्क पंधरवडाभर वाऱ्यासारखी धावली आणि मग उठलीच नाही. एकीच्या दुकानाची बिलं गेली, आता गिऱ्हाइकं म्हणतात तुम्हीच चोर. एकानं लिहिलं होतं, "ज्यानं हिला पाच स्टार दिले तो मला भेटावा, एवढीच इच्छा." काटासाहेबांनी मान डोलावली. अशी माणसं त्यांना आवडायची.

मग ते पाच स्टारवाल्यांकडे वळले. ज्याच्यावर विसंबून त्यांनी डिस्क घेतली तो रिव्ह्यू वरच होता. "माझे वडील कॉम्प्युटर सुरू करून दाढी करायला जात. दाढी आटपून येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असे. ही डिस्क बसवल्यापासून त्यांना दाढीला वेळच मिळत नाही." तेव्हा हे वाचून काटासाहेब एकटेच हसले होते. ते स्वतःही तेच करायचे. जगात आपल्यासारखा आणखी एक आहे म्हणायचा, असं वाटून त्यांनी बटण दाबलं होतं.

खाली दुसऱ्याच नावानं आणखी एक रिव्ह्यू सापडला. "माझे सासरे आणलेली भाजी घरी पुन्हा तोलतात आणि कमी भरली तर त्याच पावली परत जातात. असा माणूस ह्या डिस्कवर खूश आहे, आणखी काय सांगू?"

भाजी तर काटासाहेबही तोलायचे. त्यांनी दोन्ही मजकूर पुन्हा वाचले. बोलण्याची ढब एकच. साक्षीदार एकच आणि टोप्या दोन, असा हा मामला त्यांना चांगलाच ओळखीचा होता. म्हातारा गडी खूश झाला. सापडलास बेट्या, म्हणत ते तिसरी टोपी शोधायला लागले, आणि ती सापडली.

"बाबा रोज दुपारी कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. हरले की त्याच्यावर ओरडतात, अरे लबाडा, घोडा कुठून काढलास! आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही. भिंतीपलीकडून तो आवाज आला की मी हातातलं काम थांबवून ऐकत बसते. डिस्क उत्तम. पाच स्टार."

काटासाहेबांनी फोन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. पलीकडे टाइप करण्याचा आवाज चालूच होता.

ते उठून तिच्या दारात गेले आणि फोन तिच्यासमोर धरला. "हे तू लिहिलंस?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. "हो."

"तिन्ही?"

"ह्या डिस्कचे तीन. बाकी मिक्सर, छत्र्या, गाद्या. कशाकशाचे सांगू?"

"टायपिंगचं काम म्हणाली होतीस."

"टाइपच करते ना."

"वस्तू तरी पाहिली होतीस का?"

"फोटो पाठवतात."

"मी घेतली ती वस्तू!" काटासाहेबांचा आवाज चढला. "तुझ्या शब्दावर घेतली. दाढीचं वाचून हसलो आणि घेतली. हे बघ." त्यांनी खिशातला तुकडा तिच्या टेबलावर आपटला. "हे भरलेलं निघालं आत. लोखंड!"

लेक तुकड्याकडे बघत राहिली. "खोकं घरी आलं तेव्हाच कळलं मला, ही तीच डिस्क म्हणून," ती हळूच म्हणाली.

"आणि गप्प बसलीस?"

"सांगितलं असतं तर आज जे बोलताय ते त्या दिवशी बोलला असतात. म्हटलं, टिकलीच तर टिकली."

"टिकलीच तर! माझ्या घरात बसून लोकांना खोटी मापं देतेस तू. अगं, ह्या हातांनी दुकानांना सील ठोकलीत मी. सख्ख्या मेव्हण्याचं दुकान सोडलं नाही."

"माहीत आहे. मामा त्यानंतर आपल्याकडे आला नाही. आई गेली तेव्हासुद्धा फाटकातूनच परत गेला."

"तो विषय नाही आत्ता."

"मग कुठला आहे? मी आले तेव्हा बॅग हातातच होती, आणि तुम्ही विचारलंत, कायमची की काय? आत ये म्हणाला नाहीत, बस म्हणाला नाहीत. कायमची की काय! 'हो' म्हणायला अंगात बळ लागतं, बाबा. चार ठिकाणी हिंडले. हे काम मिळालं, हे धरलं."

काटासाहेबांना तो प्रश्न आठवत होता. त्यांनी तो रागानं विचारला नव्हता. खोली रिकामी करायची का, कपाट कुठे हलवायचं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. पण हे आता सांगायचं कसं, ते त्यांना सुचेना. आणि त्यांना हवं होतं ते वेगळंच काहीतरी. ते विचारल्याशिवाय पाय निघत नव्हता.

"हे शेवटचं," ते फोनवर बोट ठेवून म्हणाले. "काम थांबवून ऐकत बसते म्हणून लिहिलंयस. हेही फोटो बघूनच का?"

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते तेवढ्यापुरतंच. "घरातलं माणूस घातलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. तसंच लिहा म्हणून सांगतात."

"म्हणजे खोटं."

"निरीक्षक तुम्ही आहात," ती वळून टाइप करायला लागली. "तुम्हीच तपासा."

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "तपासतो ना! तक्रार करतो तिन्हींची."

"करा. खातं बंद होईल माझं, कामही जाईल. करा, तुमचा हात कुणी धरलाय?"

हात खरंच कुणी धरला नव्हता. आपल्या खोलीत येऊन त्यांनी दाढीवाल्या रिव्ह्यूखालचं 'खोटा असल्याचं कळवा' हे बटण दाबलं. भाजीवाल्याखालचं दाबलं. तिसऱ्यापाशी बोट थबकलं. "खोटं नाही हो ते," एवढंच म्हणाली असती, तर कदाचित त्यांनी तेवढा एक सोडला असता. कदाचित तिन्ही सोडले असते. पण ती म्हणाली नव्हती, आणि पुन्हा विचारायला जाणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. आजवर ओळखीच्या दुकानाला जे लागू होतं तेच इथे लागू, असं स्वतःला बजावून त्यांनी तिसरंही बटण दाबलं. मग आपला एक स्टारचा रिव्ह्यू लिहिला, लोखंडाच्या तुकड्याच्या फोटोसकट.

आठवडा उलटायच्या आत सगळं घडून गेलं. तक्रारीबद्दल आभार मानणारा निरोप आला. भिंतीपलीकडचं टाइप करणं थांबलं. लेकीनं एका अक्षरानं त्यांना दोष दिला नाही. रोज सकाळी ती बाहेर पडायला लागली, आणि मग एके दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "लाँड्रीच्या काउंटरवर काम मिळालंय. उद्यापासून जाते. जवळच एक खोलीही बघितलीये, पुढच्या महिन्यात मोकळी होईल."

"खोली कशाला?"

"राहायला," ती म्हणाली.

काटासाहेबांनी कप उचलला. इथेच राहा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते म्हणाले, "साखर कमी झालीये."

दुपारी त्यांनी पुन्हा डिस्कचं पान उघडलं. त्यांच्या रिव्ह्यूला तोबा गर्दी लोटली होती. एक स्टारवाली सगळी फौज तिथे जमली होती. "शाबास आजोबा!" "ह्याला म्हणतात पुरावा!" "खोटारड्यांना असंच नागडं करायला हवं." काटासाहेबांनी ते न वाचताच वर सरकवलं. ते पाच स्टारवाल्यांत गेले. वर गेले, खाली गेले, पुन्हा वर आले. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय शोधतोय, आणि ते तिथून कुणी काढायला लावलं.

निदान आठवावं म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाजारातल्या कुठल्या दुकानात कुठलं वजन किती कमी भरलं होतं, हे ह्या माणसाला अजून तोंडपाठ होतं. पण ते एक वाक्य धड जुळेना. आवाज आला की, का आवाज ऐकला की? थांबवून, का सोडून? शब्द जागचे हलत होते, आणि जितकं जुळवावं तितकं ते वाक्य तिचं न राहता ह्यांचंच होत होतं.

ते लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. ती उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

"ते तिसरं," ते म्हणाले, "ते कसं होतं गं? बुद्धिबळाचं. शेवटाकडचं वाक्य."

"आता कशाला?"

"असंच."

इस्त्री बाहीवरून पुढे गेली, मागे आली. "आठवत नाही, बाबा. ढिगानं लिहायचे मी."

"भिंतीपलीकडून, असं काहीतरी होतं."

"असेल."

तिनं शर्ट उलटा केला आणि दुसरी बाही सारखी करून घेतली. तिनं मान वर केली नाही.

"बरं," ते म्हणाले. "तू कर इस्त्री." आणि आवाज होणार नाही अशा बेतानं त्यांनी दार लोटून घेतलं.