चढावरची किल्ली

खाणीच्या चढाखाली माणसं इतकी दाटली होती की डंपरची चाकंही दिसत नव्हती. दिसत होती फक्त केबिन आणि तिच्या पायरीवर उभा असलेला महाराज. त्याच्या हातात इंजिनच्या फॅनचा जुना पट्टा होता, काळा, कडा झिजून धारदार झालेला. त्यावरून लोक त्याला पट्टेबाबा म्हणत.

"इंजिन म्हणजे देह, लेकरांनो. डिझेल म्हणजे रक्त. ज्याचं रक्त या चढावर सांडलं, तो आता या गाड्यांचं रक्त पितोय. म्हणून वळणावर गाडीचा दम सुटतो."

दम सुटत होता हे खरंच होतं. खडीने भरलेला हा डंपर वळणावर गुरगुरत थांबला, तसाच हळूहळू मागे घेत खाली आणला होता. समोरच्या काचेआड पिवळा दिवा लागलेला होता.

"ओझं उतरवा," बाबा म्हणाला. "आत्म्याला ओझं सोसत नाही."

खडी कडेला ओतली. धुरळ्यात माणसं खोकली, पण हलली नाहीत.

"किल्ली बंद. माझं नाव घे. किल्ली चालू."

ड्रायव्हरने तसं केलं. बाबाचा शिष्य खिडकीला टेकून मोबाइलवर बोट फिरवत होता. पिवळा दिवा विझला. डंपर हुंकारला आणि ज्या वळणावर मघाशी मेला होता ते वळण सहज चढून गेला. गर्दीतून एकच आवाज उठला. दोघीजणी टायरच्या खुणांवर डोकं टेकून रडू लागल्या.

डंपर पुढे गेला आणि पलीकडचा वजनकाटा दिसला. त्याच्या लोखंडी खांबाला माझी वहिनी बांधलेली होती. गाडी ओढायच्या दोराने मनगटं आवळली होती. बोटं काळीनिळी झाली होती.

रक्त सांडलं होतं माझ्या दादाचं. याच वळणावरून त्याचा डंपर मागे घरंगळला आणि कठड्यावरून खाली गेला. त्यानंतर बाकीच्या गाड्याही तिथेच अडू लागल्या. पट्टेबाबाला मालकाने बोलावलं. बाबाने निदान केलं की दादाचा आत्मा बायकोच्या अंगात लपलाय आणि तीच त्याला सोडत नाही. मला हे शेजारणीने फोनवर सांगितलं. मी इंजिनच्या नियंत्रणपेट्या तपासायचं काम करते. दादाच्या डंपरची पेटी मुकादमाने मला भंगार म्हणून दिली होती. तिच्यातल्या नोंदी वाचून झाल्या होत्या. मी लॅपटॉप उचलला आणि निघाले.

"सोड तिला," बाबा वहिनीला म्हणाला. पण तो बोलत होता दादाशी. पट्टा हवेत गेला.

असा पट्टा सहसा कातडी फाडत नाही. आतलं मांस चिरडतो. पण झिजलेली कड बसली तिथे वहिनीचा खांदा उघडा पडला. ती ओरडली नाही. दुसऱ्या फटक्याला तिचे गुडघे गेले आणि ती दोरावर लोंबकळली.

"बोलत नाही बघ," कोणीतरी म्हणालं. "तोच आहे आत."

"मारा अजून. जाईल."

मी गर्दीतून वाट काढू लागले. मुकादमाने माझा दंड धरला. "बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या आहात. घरी जा. इथे लोकांचं डोकं ठिकाणावर नाही."

"म्हणूनच आले."

गर्दीतून आलेला एक खडा माझ्या भुवईवर बसला आणि एका डोळ्यात रक्त उतरलं. मी चालत राहिले. बाबाने तिसरा फटका उचलला तेव्हा मी मध्ये होते. हात आपोआप वर गेला. मनगटाजवळ कट्कन आवाज झाला आणि बोटं माझं ऐकेनाशी झाली.

मी म्हणाले, "महाराज, हाच डंपर पुन्हा भरा. आणि तुमचं नाव घेऊन चढवा."

"आत्म्याला ओझं सोसत नाही, पोरी."

"आत्म्याला, की इंजिनाला?"

पत्र्याच्या सावलीत खुर्चीवर बसलेला मालक म्हणाला, "हाकला हिला." पण खडी फोडणाऱ्या क्रशरवर काम करणारी एक म्हातारी पुढे आली. "भरा की. महाराजांना काय अवघड आहे? एवढं भूत काढतात, खडीला भितात होय?"

चारजण हसले. हसणाऱ्या माणसाच्या हातून दगड सुटत नाही. तेवढा वेळ मिळाला.

डंपर खाली आला. तो चालवणारा माझ्या दादाचा जोडीदार होता, एकाच डब्यातून जेवणारा. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भरा. मी चढवतो."

बाबा कोंडीत सापडला आणि कोंडीत सापडलेलं जनावर करतं तेच त्याने केलं. "चढव. पण हिला मागच्या चाकामागे उभी करा. बाई शुद्ध असेल तर गाडी मागे येणार नाही."

दोर सुटला. तिघांनी वहिनीला केसांना धरून ओढलं. तिची टाच खडीवर घासत गेली, मागे लाल रेघ उमटत गेली.

"तुम्ही उभे राहा," मी बाबाला म्हणाले. "नाव तुमचं, शक्ती तुमची. मग मागे दुसऱ्याची बायको कशाला?"

"माझी जागा पुढे असते."

"रोज पुढेच असता," म्हातारी म्हणाली. "आज मागे जा की बाबा. गाडी तर येणार नाही ना?"

बाबा जागचा हलला नाही. ओढणाऱ्या तिघांचे हात ढिले पडले. वहिनी तिथेच बसली.

डंपर भरला. मी केबिनच्या पायरीवर चढले आणि जोडीदाराला म्हणाले, "दम सुटला तर किल्लीला हात लावायचा नाही. इंजिन चालू ठेव, हँडब्रेक ओढ."

वळण आलं. इंजिनचा आवाज बसला. पायाखाली पेडल तळाला टेकलं होतं, तरी गाडी मरगळली. पिवळा दिवा लागला.

"किल्ली बंद कर," खालून बाबा ओरडला. "नाव घे."

जोडीदाराचा हात सवयीने किल्लीकडे गेला. मी चांगल्या हाताने त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्याने हँडब्रेक ओढला. डंपर उभा राहिला. क्लीनरने चाकांमागे दगड लावले. खालची माणसं धावत वळणापर्यंत आली.

स्टिअरिंगखाली तपासणीचं सॉकेट असतं. मी लॅपटॉपची वायर लावायला गेले, तर ती बसेना. तिथे आधीच काहीतरी होतं. अंगठ्याएवढी डबी, निळा दिवा लुकलुकणारी. मी ती उपटून वर धरली. शिष्य पळाला. दोघांनी त्याला पाडलं आणि त्याचं तोंड खडीत दाबलं.

"हा तुमचा चमत्कार," मी म्हणाले. "याच्यातून मोबाइलने पिवळा दिवा विझवता येतो. फक्त दिवा. दुखणं तिथेच राहतं."

"मग गाडी चढली कशी?" मुकादमाने विचारलं.

"रिकामी होती म्हणून. या पेडलपासून इंजिनापर्यंत तार जात नाही. पाय फक्त मागणी करतो. किती डिझेल द्यायचं ते आतली पेटी ठरवते, आणि ठरवण्याआधी डिझेलच्या नळीतला दाब बघते. फिल्टर तुंबला की भरलेल्या गाडीला पुरेल इतका दाब मिळत नाही. मग इंजिन खराब होऊ नये म्हणून पेटीच ताकद रोखते आणि दिवा लावते. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागतं. दाब पुरतो. म्हणून बाबा आधी ओझं उतरवतात."

"पण सगळ्याच गाड्यांना?"

"सगळ्यांना डिझेल मालकाच्या एकाच टाकीतून मिळतं."

एव्हाना मालक खुर्चीतून उठला होता. जोडीदाराने इंजिन बंद केलं आणि फिल्टर खोलून कोणाच्या तरी हेल्मेटमध्ये उलटा केला. काळा लगदा पडला, त्यामागून पाणी. हेल्मेट हातोहात फिरलं. माणसं वास घेत होती आणि मालकाकडे बघत होती.

मग ज्याची मला भीती होती तेच झालं. मघाशी "मारा अजून" म्हणणाराच पट्टा हिसकावून बाबावर धावला. पहिल्या फटक्याला बाबाचा ओठ फाटला. तो पडला, लोक तुटून पडले. लाथांचा आवाज ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा येत होता. त्यांनी त्याला ओढत मागच्या चाकाशी नेलं.

"आता बघू कोण शुद्ध आहे. काढा दगड. सोडा ब्रेक."

एकजण केबिनमध्ये चढला. मी ओरडले, माझा आवाज कोणालाच पोचला नाही.

पोचली वहिनी. चालता येत नव्हतं, ती खडीवरून सरपटत आली आणि बाबाच्या शेजारी, चाकामागे, पाठ टेकून बसली.

"सोडा ब्रेक," ती म्हणाली.

केबिनमधल्या माणसाने हँडब्रेकवरचा हात काढला.

"मघाशी माझ्या अंगात भूत होतं. आता याच्या अंगात आहे. उद्या कोणाच्या?" ती दम घ्यायला थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, तुम्ही यांच्या गाडीची पेटी वाचलीत ना? त्या दिवशी काय झालं ते सांगा. खरं सांगा."

मी सांगितलं. दाब पडला. दिवा लागला. भरलेली गाडी चढावर असताना किल्ली बंद झाली. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेकची हवा भरणारा पंप थांबतो. हवा गळतच होती, हँडब्रेक ओढलेला नव्हता. मग गाडी थांबवायला काही उरलं नाही.

"कोणी बंद केली किल्ली?"

"दादाने."

"का?"

मी काही बोलायच्या आत जोडीदार खाली बसला. "दिवा लागला की आम्ही किल्ली बंद-चालू करतो," तो म्हणाला. "कधीकधी दिवा विझतो. गाडी निजवणं म्हणतो आम्ही त्याला. त्याला मीच शिकवलं होतं, वहिनी. बाबाने नंतर त्यालाच मंत्र केलं."

वहिनीने त्याच्यापुढे हात केला. तो मारायला नव्हता. उठायला आधार हवा होता.

पोलिस आले, बाबाला आणि शिष्याला घेऊन गेले. मालक म्हणाला, चला, काम सुरू करा, तमाशा संपला. कोणी गाडीत चढलं नाही. जोडीदाराने आपली किल्ली काढून मालकाच्या टेबलावर ठेवली. "फिल्टर बदला, टाकी धुवा, हवेची गळती काढा. मग फिरवू." त्याच्यामागून एकेक ड्रायव्हर आला. टेबलावर किल्ल्यांचा ढीग झाला.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. यंत्र रागावत नाही, झपाटलंही जात नाही. त्याला त्रास झाला की ते दिवा लावून सांगतं. तो दिवा विझवून देणारा भेटला तर त्याचं नाव घेऊ नका. दिवा का लागला होता, ते त्याला विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत हातातला पट्टा खाली ठेवा.