मला पाटावर बसवू नका

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. जुनं म्हटल्याबरोबर तुमचे चेहरे पडले, ते माझ्या लक्षात आलं. पण मी इथे कीव मागायला आलेलो नाही. कोणी मला 'बिचारं' म्हटलं की माझं डोकं तापतं, आणि ते ॲल्युमिनियमचं असल्यामुळे फार लवकर तापतं.

मी तुमच्या ओंजळीत सहज मावेन. रिमोटने उडवायची लहान विमानं असतात ना, त्यांच्या नाकावर बसणारा मी. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. मी फोर-स्ट्रोक आहे, म्हणजे चार टप्प्यांत सावकाश श्वास घेणारा. माझे टू-स्ट्रोक भाऊबंद किंचाळत पळतात. मी घुमतो. माझा पंखा मोठा असतो, तो हळू फिरतो, पण ओढायला लागला की ओढतोच.

अमरावतीचे वकील नारायणराव यांनी मला नागपूरच्या एका दुकानातून आणलं. आठवडाभर त्यांच्या अंगावर काळा कोट असायचा आणि रविवारी हाताला माझ्या तेलाचा वास. पीक निघालेल्या एखाद्या मोकळ्या वावरात आम्ही जायचो. बरोबर त्यांची मुलगी अश्लेषा असायची, तेव्हा शाळेत जाणारी. नारायणराव तिला डोळे मिटायला लावायचे.

"विमान कुठं आहे सांग. पाहू नको, ऐक. चढून राहिलं की इंजिन कण्हते. उतरून राहिलं की त्याचा आवाज बारीक होते."

पोरगी डोळे मिटून बोट वर करायची आणि बोट बरोबर माझ्यावर असायचं. रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे. "काय आवाज आहे!" म्हणायचे. खोटा विनय मला जमत नाही. माझा आवाज चांगला होताच.

मग नारायणरावांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. नजर कडेकडेने आकसत गेली. आकाशातलं विमान त्यांना सापडेना. एका रविवारी त्यांनी विमान एका ओळखीच्याला देऊन टाकलं. मला मात्र कोणाला दिलं नाही, कपाटात ठेवलं. त्यांनी मला ठेवून घेतलं याचा मला आनंद झाला आणि कपाटात ठेवलं याचा संताप आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वर्षातून एकदाच कपाट उघडायचं, खंडेनवमीला. तुमच्या घरीही त्या दिवशी अवजारांची पूजा होत असेल. इथे पाटावर विळा, अडकित्ता, पक्कड आणि मधोमध मी. नारायणरावांच्या पत्नी सरोजिनीबाई मला हळदीकुंकू वाहायच्या, झेंडूचं फूल ठेवायच्या आणि माझ्या गळ्यात एरंडेलाचे दोन थेंब सोडायच्या. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण विमानाचं इंजिन चालवायचं असतं. न चालवता नुसतं एरंडेल पाजत गेलं, तर ते आतल्या आत वाळून लाखेसारखं घट्ट होतं. दरवर्षी दोन थेंब, दरवर्षी एक थर. एका बोटाने फिरणारा माझा दांडा पुढे पुढे हलेना. आरतीच्या वेळी मी ओरडून सांगत होतो की मला देव करू नका. पण जाम झालेल्या इंजिनाचं कोण ऐकणार?

इकडे अश्लेषा मोठी झाली, अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. सुट्टीचे दिवस घालवून तिने एक विमान बांधलं, एकावर एक दोन पंखांचं. कोलांट्या मारणारं, गिरक्या घेणारं, उलटं उडणारं. आम्ही त्याला दुमजली म्हणतो. हलक्या लाकडाची एकेक काडी तिने स्वतः तासली. तोवर नारायणरावांना माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत होत्या. बाबांनी एकदा तरी आपल्या विमानाबरोबर कानांनी आकाशात फिरून यावं, एवढीच तिची इच्छा होती. दिवाळीला ती विमान घेऊन अमरावतीला आली, तेव्हा त्याचं नाक रिकामं होतं. इंजिन निवडायचं राहिलं होतं.

तिचा मोठा भाऊ शुभंकर नवी कोरी इलेक्ट्रिक मोटर घेऊन आला होता.

"हे बसव अन् मोकळी हो," तो म्हणाला. "तेल नाई, धूर नाई, कटकट नाई."

"दादा, अन् आवाज? दूर गेली की तिचा आवाज विरून जाते. बाबांले विमान कसं समजन?"

"आवाजाचं काय लोणचं घालायचं?"

नारायणराव खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. माझ्यासाठी म्हणून काई निवडू नको, अश्लेषा. विमान तुझं आहे. मले असं मेहेरबानीचं काई नको."

कपाटात मी ताठ झालो. अगदी माझ्या मनातलं बोलले. मलाही मेहेरबानी नको होती. कोणाच्या डोळ्यांसाठी, कोणाच्या आठवणीसाठी मला नाकावर बसवणार असाल, तर मी कपाटातच बरा.

अश्लेषाने वाद घातला नाही. तिने मोटर रबराने नाकाला बांधली आणि वरच्या पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचललं. शेपूट धप्पकन खाली गेलं. दुमजली विमानाचं नाक आखूड असतं, तिथे वजन लागतं.

"नाकाले शिसं बांधू," शुभंकर म्हणाला.

"म्हणजे दगड घेऊन उडायचं काय?"

मग तिने मैत्रिणीकडून आणलेलं एक टू-स्ट्रोक लावून पाहिलं. तेही हलकंच निघालं, आणि त्याची सगळी मिजास वेगाची. अश्लेषा म्हणाली, "दोन मजल्यांचे पंख वारा अडवते. याले पळवायचं नाई, ओढायचं आहे." हे वाक्य ऐकून मी कपाटाला आतून धडक मारली असती, पण मला हलता येत नव्हतं.

ती कपाटाकडे आली. माझ्या डोक्यावरचं वाळलं कुंकू तिने पदराने पुसलं आणि मला नाकावर ठेवलं. विमान बोटांवर आडवं राहिलं, ना पुढे झुकलं, ना मागे.

"नाकापेक्षा मोती जड," शुभंकर हसला. त्याने माझा दांडा फिरवून पाहिला. पुन्हा जोर लावला. "हे तर जाम आहे. गेलं हे. ठेवून द्या शोकेसमधे."

आयुष्यात मी इतका कधी चिडलो नव्हतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! गेलं म्हणजे काय? कुठे गेलं?

अश्लेषाने माझ्या गळ्याशी नाक नेलं. "एरंडेल," ती म्हणाली. "हे कोणी टाकलं?"

"मीच टाकत असते, दर खंडेनवमीले," सरोजिनीबाई म्हणाल्या. "काहून? यंत्राले तेल नको काय बापा?"

मग नारायणराव मोठ्याने हसले. "माझ्या डोळ्यांतला थेंब ही रोज विसरते, अन् याच्या गळ्यातला नाई विसरत."

सरोजिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि अश्लेषाने सांगितल्याप्रमाणे माझ्या अंगावर गरम हवा धरून बसल्या. हात भरून आला तरी त्यांनी ते दुसऱ्याला दिलं नाही. आतली लाख मऊ व्हायला लागली. मी केसभर हललो. अश्लेषाने पातळ तेल सोडलं, पुन्हा ऊब दिली, पुन्हा फिरवलं. शेवटी दांडा सरकन फिरला आणि माझ्या छातीतून जुना, ओळखीचा उसासा निघाला.

"बाबा, ऐकलं?" अश्लेषाने विचारलं. "आता तुमच्यासाठी नाई, नाकासाठी निवडलं याले."

नारायणरावांनी मान हलवली. या निवडीवर त्यांची हरकत नव्हती.

थंडी पडायला लागली तेव्हा आम्ही अकोल्याला, बाळापूरच्या रस्त्यावर गेलो. अश्लेषाच्या ओळखीच्या सूर्यभान पाटलांचं मुरमाड पडीक वावर तिथे आहे, शेजारच्या वावरात तूर उभी होती. नारायणरावांना खुर्ची टाकून दिली, रिमोट अश्लेषाने घेतला. पंख्याला दिलेल्या पहिल्या दोन झटक्यांना मी उठलो नाही. शुभंकरच्या ओठांवर हसू आलेलं मी पाहिलं. तिसऱ्या झटक्याला त्याचं हसू माझ्या धुरात गेलं.

मित्रांनो, दुमजलीला घेऊन मी जमीन सोडली, तेव्हा मला कपाट आठवलं नाही, पाट आठवला नाही. आम्ही कोलांटी मारली, गिरकी घेतली. खाली नारायणराव डोळे मिटून तोंड वर करून बसले होते आणि त्यांचं बोट माझ्याबरोबर फिरत होतं. वाऱ्याने आवाज इकडेतिकडे नेला, तरी बोट चुकलं नाही.

मग एका मोठ्या कोलांटीतून बाहेर येताना आम्ही मावळत्या उन्हात शिरलो. अश्लेषाच्या डोळ्यांसमोर नुसता झगझगाट झाला.

"दादा, तुले दिसते काय?"

"नाई. माझे डोळे दिपले."

"चढून राहिलं का उतरून राहिलं, काईच समजत नाई." इतक्या दिवसांची मेहनत हवेत होती आणि जमीन जवळ येत होती. मी जीव तोडून बोललो, मला जसं बोलता येतं तसं.

"आवाज बारीक होऊन राहिला," नारायणराव म्हणाले. "तोंड खाली आहे. उचल. हळू. अजून उचल. बस्स, आता कण्हते. आता चढलं."

तुरीच्या शेंड्यांवरून आम्ही उन्हाबाहेर निघालो आणि मुरमावर दोन उड्या मारून थांबलो. शुभंकर म्हणाला, "मोटर असती तर..." आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं. नारायणराव चाचपडत आले. त्यांनी माझ्या डोक्याला बोट लावलं, चटका बसला, बोट तोंडात घातलं आणि म्हणाले, "चांगलं तापलं." एवढं कौतुक मला पुरतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांची काळजी घ्या, असं मी नक्कीच सांगेन. पण काळजी म्हणजे कपाट नव्हे. जे कामासाठी जन्मलं त्याला काम द्या. ते जमत नसेल तर निदान आरती ओवाळून आमचा गळा बुजवू नका.

या खंडेनवमीला मी अकोल्यातच होतो, पाटलांच्या त्याच वावरात. नारायणरावही शेजारी खुर्चीत होते. अश्लेषाने अमरावतीला आईला फोन लावला. "आई, इंजिन पूजेले आणायचं राहिलं. पण आज वारा एकदम चांगला आहे."

"मंग उडव त्याले," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पाटावर त्याची जागा मोकळी ठेवली मी. तिथंच कुंकू वाहिलं. तेल नाई टाकलं."

अशी पूजा मला मान्य आहे. अश्लेषाने फोन चालूच ठेवला, कारण आईला माझा आवाज ऐकायचा होता, आणि पंख्याला झटका दिला. मी पहिल्याच झटक्याला उठलो.